एकट्याचा प्रवास आणि मराठी प्रवासवर्णनाची नजर

परदेशविषयक मराठी प्रवासवर्णने निवेदनाच्या अंगाने वाचू लागले की त्यांतील क्रियापदे बहुधा अनेकवचनी आहेत, ही बाब चटकन ध्यानात येते. 'आम्ही निघालो', 'आम्ही पोहोचलो', 'आम्हांला सांगण्यात आले' अशा वाक्यांनी या वाङ्मयप्रकाराचा फार मोठा भाग व्यापलेला आहे. हे अनेकवचन केवळ व्याकरणापुरते नाही. जेथे पंढरीची वाट दिंडीने चालावयाची असते आणि काशीयात्रेसाठीही आधी सोबत पाहिली जाते, अशा समाजात प्रवास आणि सोबत यांचे नाते घट्ट असणे स्वाभाविक होय. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई' (१९६०) आणि 'पूर्वरंग' (१९६३) या ग्रंथांची लज्जत बव्हंशी या सोबतीतून आलेली आहे. बरोबर सुनीताबाई आहेत, आणि मनाने सारा मराठी श्रोतृवर्गच जहाजात आणि विमानात बसलेला आहे. लंडन पाहावयाचे आणि लगेच शेजारच्याला त्यावर काहीतरी सांगावयाचे, या दोन क्रियांत तेथे अंतरच उरत नाही. तो त्या ग्रंथांचा दोष नव्हे, तेच त्यांचे जीवद्रव्य आहे.

गेल्या तीन-साडेतीन दशकांत मात्र हे चित्र पालटले. २०२५ मध्ये निवर्तलेल्या मीना प्रभु यांच्या 'माझं लंडन', 'दक्षिणरंग', 'मेक्सिकोपर्व', 'चिनी माती', 'तुर्कनामा', 'गाथा इराणी' अशा विपुल लेखनाने परदेशात स्वतःच्या हिमतीवर हिंडणारी निवेदिका मराठी वाचकाच्या परिचयाची केली. त्यांच्यामागून अनेकांनी, विशेषतः अनेकींनी, समुद्रकिनारे, महानगरे आणि उत्सव यांचे एकट्याने घेतलेले अनुभव लिहिले व अद्यापि लिहीत आहेत. एकट्याने केलेला प्रवास हे आता पुस्तकाच्या मलपृष्ठावर मिरवावयाचे भूषण ठरले आहे. परीक्षणांतही त्याचा उल्लेख 'धाडस' या एकाच शब्दाने होतो आणि तेथेच विचार संपतो. आक्षेप घ्यावयाचा तो या संपण्याला. प्रवासाला गेलेल्या माणसांची संख्या एक होती, ही चरित्रात्मक माहिती झाली. लेखनात तो एकटेपणा कोठे आहे, त्याने दृष्टीत कोणता फरक पडला, हा वाङ्मयीन प्रश्न आहे. मराठी समीक्षेने तो अजून नीटसा विचारलेलाच नाही.

प्रवाशांची संख्या आणि निवेदनातील एकटेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जागतिक प्रवासवाङ्मयातील दोन प्रसिद्ध उदाहरणांवरून स्पष्ट होते. जपानी कवी बाशो १६८९ मध्ये एदोहून उत्तरेच्या दुर्गम प्रदेशाकडे निघाला, तेव्हा त्याचा शिष्य सोरा वाटेचा बराच भाग त्याच्या बरोबर होता. बाशोच्या ग्रंथात सोरा येतो, तरी वाचकाच्या मनावर उमटतो तो एका एकाकी वाटसरूचा ठसा. १९४३ मध्ये सोराची रोजनिशी प्रसिद्ध झाली आणि बाशोने प्रवासातील क्रम व तपशील कलेच्या गरजेनुसार बदलले होते, हे उघड झाले. त्यामुळे त्या ग्रंथाचे मोल उणावले नाही. त्यातील एकांत हा घडवलेला एकांत आहे, एवढेच कळले. याउलट जॉन स्टाइनबेक यांनी 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' (१९६२) या पुस्तकात केवळ एका कुत्र्याला बरोबर घेऊन अमेरिका पालथी घातल्याचे चित्र उभे केले. त्या प्रवासातील कित्येक दिवस त्यांची पत्नी सोबत होती, हे पुढे दाखवून देण्यात आले. येथे प्रश्न नीतीचा असेलही, पण वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्याहून महत्त्वाचे वाटावे असे काही यात आहे : लेखकाला एकटे दिसावयाचे होते. एकटेपणा ही वाचकाशी विश्वासाचे नाते जोडणारी निवेदनाची भूमिका आहे. ती पेलली गेली किंवा नाही, हे प्रत्येक पुस्तकाच्या बाबतीत स्वतंत्रपणे पाहावे लागते.

मग ती पेलणे म्हणजे काय? सोबत असलेल्या प्रवाशाजवळ प्रत्येक नवलाचे उत्तर तयार असते, कारण शेजारी त्याच्याच भाषेचा माणूस उभा असतो. 'हे तर आपल्याकडच्यासारखेच' असे त्याने म्हणावे आणि दुसऱ्याने मान डोलवावी, की नवल संपले. एकट्याला ही सोय नाही. त्याच्या उपमेला अनुमोदन देणारे कोणी नसते. न कळलेली गोष्ट काही काळ न कळलेलीच राहते आणि त्या अवधीत पाहणाऱ्याला स्वतःच्या अडाणीपणासह तिच्यासमोर उभे राहावे लागते. शिवाय तो पाहतो तितकाच पाहिलाही जातो. घोळक्याकडे लोक घोळका म्हणून पाहतात. एकट्या माणसाकडे, त्यातही एकट्या स्त्रीकडे, प्रश्न म्हणून पाहतात. ही दुहेरी अवस्था ज्या लेखनात उतरते त्यालाच एकट्याच्या प्रवासाचे लेखन म्हणावे. बाकीचे लेखन 'आम्ही'च्या जागी 'मी' घालून केलेले सहलवर्णन होय.

किनारे, शहरे आणि उत्सव ही या लेखनाची तीन आवडती स्थळे. त्यांपैकी किनाऱ्यावर ही कसोटी सर्वांत लवकर फसते, कारण निर्मनुष्य किनाऱ्याची ओढ ही एकट्या प्रवाशाची सर्वांत जुनी आणि सर्वांत फसवी ओढ आहे. अ‍ॅलेक्स गार्लंड यांच्या 'द बीच' (१९९६) या इंग्रजी कादंबरीचा तरुण नायक थायलंडमध्ये एकटाच हिंडत असतो आणि पर्यटकांना ठाऊक नसलेल्या एका किनाऱ्याचा नकाशा त्याच्या हाती येतो. ती कादंबरी या ओढीचीच चिकित्सा करते. तिच्यावरून २००० मध्ये चित्रपट निघाला, त्याचे चित्रीकरण फी फी ले बेटावरील माया बे येथे झाले, आणि अस्पर्शित किनाऱ्याच्या वेडाची ही शोकांतिका पाहून लोक तोच किनारा शोधत तेथे लोटले. गर्दी दिवसाला सुमारे पाच हजारांवर गेली, होड्यांच्या नांगरांनी प्रवाळ उद्ध्वस्त झाले, आणि जून २०१८ मध्ये थाई सरकारला ती खाडी बंद करावी लागली. जानेवारी २०२२ मध्ये ती निर्बंधांसह पुन्हा उघडली, तेव्हा होड्यांना समोरून आत येण्यास मज्जाव होता. त्या पाच हजारांतील पुष्कळ जण स्वतःला एकटे प्रवासी समजत असणार, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. 'किनाऱ्यावर मी एकटाच होतो' हे वाक्य प्रवासवर्णनात येते तेव्हा किनाऱ्यावर राहणारी माणसे त्या मोजणीतून आधीच वगळलेली असतात.

मराठी वाचकाला हे कळण्यासाठी थायलंडपर्यंत जावयाचेही कारण नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून कळंगुट-हणजुणच्या वाळूवर युरोप-अमेरिकेतून आलेले एकटेदुकटे तरुण पसरले. त्यांच्या लेखी तो किनारा मोकळा होता. तेथे रापण ओढणारी माणसे होती, त्यांचे मासे वाळत होते, माडांना मालक होते. परकीयांच्या आठवणींत हे सारे चित्राच्या पार्श्वभूमीसारखे येते. आपला किनारा दुसऱ्याचे परदेश झाला की काय घडते, याचा इतका जवळचा दाखला हाताशी असताना मराठी प्रवासलेखकाने बालीच्या किंवा फुकेतच्या किनाऱ्यावर तीच नजर उसनी घ्यावी, हे आश्चर्य आहे. कोकणातून आलेल्या लेखकाने तरी परक्या वाळूवर जाळे दिसताच ते कोणाचे, असे विचारावयास हवे होते.

बालीचा उल्लेख आला आहे, तर तेथील उत्सवाकडेच वळणे इष्ट. कारण एकट्याच्या प्रवासाचा अर्थ तपासण्यासाठी न्येपी या बालीच्या नववर्षदिनाइतके दुसरे चांगले स्थळ नाही. बालीतील शककालगणना आणि महाराष्ट्रातील शालिवाहन शक यांचा आरंभबिंदू एकच, इसवी सन ७८. न्येपी अमावास्येनंतर येतो आणि काही वर्षी तो गुढीपाडव्याच्या अगदी लगत पडतो. २०२३ मध्ये तर दोन्ही एकाच दिवशी, २२ मार्चला होते. न्येपीच्या काही दिवस आधी गावोगावचे लोक देवस्थानांतील पवित्र वस्तू मिरवणुकीने समुद्रावर नेतात आणि त्यांची शुद्धी करतात. या विधीला मेलास्ती म्हणतात. ज्या वाळूवर आदल्या दिवशी परदेशी पर्यटक ऊन खात पडलेले असतात, तीच त्या दिवशी तीर्थ होते. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह नावाच्या राक्षसांच्या प्रचंड प्रतिमा वाजतगाजत फिरवल्या जातात. छायाचित्रांतून जगाला माहीत असलेला उत्सव तो हाच.

त्यानंतरच्या दिवशी मात्र काहीही नसते. अग्नी व दिवा नाही, काम नाही, करमणूक नाही आणि प्रवास नाही, अशी ही चतुर्विध बंदी आहे. सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत रस्त्यावर कोणी येत नाही. पेचालांग हे पारंपरिक रखवालदार तेवढे फिरत असतात. बेटावरचा आंतरराष्ट्रीय विमानतळ चोवीस तास बंद राहतो आणि हॉटेलातील पाहुण्यांनाही बाहेर पडता येत नाही. प्रवाशाने ज्यासाठी यावे तो उत्सवच प्रवासाला बंदी करतो, अशी स्थिती अन्यत्र क्वचितच आढळेल.

या दिवसाचे वर्णन कसे करावयाचे? सहलीचा वृत्तांत लिहिणारा हा दिवस गाळतो किंवा 'त्या दिवशी आम्ही विश्रांती घेतली' असे एक वाक्य लिहून पुढे जातो. घोळक्याला हॉटेलात पत्ते आहेत, गप्पा आहेत, पडदे ओढून कुजबुजत सांगितलेले विनोद आहेत. एकट्याला खोली आहे आणि अंधार आहे. बाहेर लाखोंचा समाज ठरवून गप्प बसला आहे. त्या गप्प बसण्यात आपण आहोत, पण ते आपले नाही. त्यांची शांतता व्रत आहे, आपली शांतता नियमाचे पालन आहे. सामील असणे आणि परके असणे यांतील हे अंतर एरवीच्या रंगीत उत्सवांत नाच-गाण्याच्या गदारोळात झाकले जाते. न्येपीत झाकावयाला काही नाही. येथे लेखकाजवळ सांगण्यासारखे दृश्य नसते, म्हणून तो खरोखर एकटा आहे की नाही हे त्याच्या गद्यावरून कळते. त्या तिथीचे गुढीशी असलेले नाते ठाऊक असलेल्या मराठी लेखकाला तर आणखी एक प्रश्न टाळता येणार नाही. एकाच शकाचा पहिला दिवस एका समाजाने गुढी उभारून साजरा करावा आणि दुसऱ्याने दिवा मालवून पाळावा, हे कसे? 'तिथेही आपलाच पाडवा' या उद्गाराने तो प्रश्न सुटत नाही, उलट बुजून जातो.

साम्याचा हा मोह मराठी प्रवासवर्णनाचा जुना आजार आहे. मेक्सिकोतील मृतांच्या दिवसाचे उदाहरण घ्यावे. १ आणि २ नोव्हेंबरला तेथे कुटुंबे थडगी स्वच्छ करतात, घरात मृतांसाठी वेदी मांडतात, त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात आणि झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. मराठी प्रवाशाच्या मनात लगेच सर्वपित्री अमावास्या उभी राहते आणि झेंडू पाहून दसराही. वस्तुतः हा झेंडू मूळचा मेक्सिकोचाच आहे आणि तो दसऱ्याच्या तोरणात मागाहून आला. म्हणजे 'आपले फूल तेथे' असे म्हणण्याऐवजी 'त्यांचे फूल आपल्या दारात' असे म्हणावयास हवे. साम्याची दिशाच उलटी निघते. या उत्सवाची दुसरी गंमत अशी की मेक्सिको शहरातील भव्य सांगाड्यांची जी मिरवणूक पाहण्यासाठी जगभरचे प्रवासी जमतात, ती २०१६ मध्ये सुरू झाली. २०१५ च्या 'स्पेक्टर' या जेम्स बाँडच्या चित्रपटात तशी काल्पनिक मिरवणूक दाखवली होती, तिच्यावरून ती उचलली गेली. म्हणून ती खोटी ठरवून मोकळे होणेही सोपेपणाचेच होईल. शहरातील लोक त्या मिरवणुकीत आनंदाने येतात आणि दहा वर्षांत उत्सव मुळे धरू शकतो, हे सार्वजनिक गणेशोत्सवाचा इतिहास माहीत असलेल्यांना सांगावयास नको. तथापि 'प्राचीन परंपरा पाहून भारावलो' असे लिहिणाऱ्याने आपण नेमके काय पाहिले याची चौकशी तरी करावी. समूहासाठी ती चौकशी मार्गदर्शक करतो. एकट्याला ती स्वतःच करावी लागते, आणि ती न करणारा एकटा प्रवासी मार्गदर्शक नसलेला सहलकरी ठरतो, इतकेच.

शहरांविषयी थोडक्यात सांगता येईल. एकट्याने शहरात निरुद्देश हिंडण्याचे वाङ्मय युरोपात बॉदलेअरपासून समृद्ध आहे. तथापि त्या हिंडणाऱ्याला गर्दीत दिसेनासे होता येत असे. व्हर्जिनिया वुल्फ यांनी लंडनच्या संध्याकाळी पायी हिंडण्यावर १९२७ मध्ये निबंध लिहिला, त्यात बाहेर पडण्यासाठी पेन्सिल विकत आणण्याचे निमित्त पुढे केले आहे. हे निमित्त फार बोलके आहे. परदेशी शहरात एकट्या मराठी स्त्रीला दिसेनासे होण्याची मुभा त्याहूनही कमी मिळते. उपाहारगृहात 'एकट्याच?' असा प्रश्न येतो, तो कधी भाषेत आणि कधी नजरेत. या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांचा इतिहास लिहिला तर मराठी स्त्रीच्या प्रवासलेखनाचा एक चांगला अभ्यास होईल. अलीकडे खिशातल्या फोनने नकाशा, भाषांतर आणि घरच्यांचा चेहरा ही तिन्ही एकदम पुरवल्यामुळे शहरात हरवणेच दुर्मीळ झाले आहे. रात्री पुण्याला किंवा नाशिकला तासभर बोलणाऱ्याने दिवसाचे एकटेपण लिहावे कसे, ही अडचण खरी आहे. ती मान्य करून लिहिलेले पुस्तक मात्र अद्यापि यावयाचे आहे.

या सर्व चर्चेत आणखी एक विसंगती दडलेली आहे आणि ती विद्यापीठीय अध्यापनाशी निगडित आहे. एकट्या स्त्रीचा परदेशप्रवास हे मराठीत विसाव्या शतकाच्या अखेरीस घडलेले नवल आहे, अशी जी समजूत विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांतून सर्रास दिसते, ती मुळात चूक आहे. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या तेव्हा अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. सोबत मिशनरी स्त्रिया होत्या, पती किंवा आप्त नव्हते. त्याच वर्षी पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या आणि 'इंग्लंडचा प्रवास' पत्ररूपाने लिहिला. पुढे १८८६ ते १८८८ या काळात त्या अमेरिकाभर व्याख्याने देत हिंडल्या व 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९) हा ग्रंथ सिद्ध केला. या ग्रंथात लिव्हरपूलहून फिलाडेल्फियापर्यंतच्या सागरप्रवासाचे वर्णन आहे. त्यानंतर मात्र राज्यपद्धती, घरे, शिक्षण, स्त्रियांच्या संस्था आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवरील अन्याय अशा विषयांची मांडणी आहे. 'मी'ला कसे वाटले याला येथे फारसा वाव नाही. म्हणूनच की काय, अभ्यासक्रमांत हा ग्रंथ समाजसुधारणेच्या खात्यात जमा होतो आणि प्रवासवर्णनाच्या तासाला त्याचे नाव निघत नाही.

पार्वतीबाई आठवले यांच्या बाबतीत तर ही उपेक्षा अधिक खटकते. हिंगण्याच्या संस्थेसाठी निधी जमवावा आणि इंग्रजी शिकावे, या हेतूने ही विधवा स्त्री वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १९१८ मध्ये अमेरिकेला गेली. हाती पुरेसा पैसा नव्हता आणि भाषा येत नव्हती. तेथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केले. 'माझी कहाणी' (१९२८) या त्यांच्या पुस्तकात अमेरिका दिसते ती मागच्या दाराने आत गेलेल्या बाईला. परक्या देशातील शहर प्रवाशाला सहसा रस्ता, वस्तुसंग्रहालय आणि उपाहारगृह या बाजूंनी दिसते. पार्वतीबाईंना ते चुलीच्या बाजूने दिसले. आत्मचरित्राच्या प्रश्नपत्रिकेत हे पुस्तक असते, आणि ते योग्यच आहे. परंतु एकटेपणा ही निवेदनाची भूमिका मानली, अनोळखी माणसांवर अवलंबून राहणे हे तिचे गमक मानले आणि आपण पाहिले जात आहोत याचे भान ही तिची खूण मानली, तर मराठीतील एकट्याच्या परदेशप्रवासाचे हे एक मूलभूत पुस्तक ठरते.

प्रवासवर्णनाची व्याख्या 'सौंदर्यपूर्ण स्थळांचा ललित प्रत्यय' अशी आवळून घेतल्यामुळे ही पुस्तके कुंपणाबाहेर राहिली. अनंत काणेकर यांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) पासून आधुनिक प्रवासवर्णन सुरू होते, असे शिकवताना त्याआधीच्या अर्धशतकातील स्त्रियांचे प्रवास आपोआप माहितीपर ठरतात. याचा परिणाम आजच्या लेखिकांवरही होतो. त्यांना पूर्वसूरी नाहीत असे गृहीत धरल्याने त्यांचे परीक्षण धाडसाच्या मापाने होत राहते. मेक्सिकोची झेंडूची वाट किंवा न्येपीची काळोखी रात्र लिहिणाऱ्या नव्या पुस्तकाला 'पूर्वरंग'मधील बालीशेजारी ठेवून पाहण्याची प्रथा आहेच. ते 'माझी कहाणी'शेजारीही ठेवून पाहावे. एम. ए.च्या वाङ्मयप्रकाराच्या अभ्यासपत्रिकेत ही दोन पुस्तके एकत्र नेमण्यास नियमांची आडकाठी नाही, आणि शोधप्रबंधासाठी विषय मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्यांना रमाबाईंच्या ग्रंथातील तो सागरप्रवासाचा भाग निवेदनाच्या अंगाने तपासण्याचे काम उद्याच देता येईल.